तक्रारीची भाषा

गोमंतकातून श्रीक्षेत्र गाणगापुरास जाणाऱ्या दत्तभक्तांची संख्या लहान नाही. भीमा-अमरजेच्या संगमावर स्नान करावे, माधुकरी मागावी, निर्गुण पादुकांचे दर्शन घ्यावे आणि परतीची वाट धरावी, हा क्रम कित्येक घराण्यांत पिढ्यान् पिढ्या चालत आला आहे. आपण जाऊन आलो ते क्षेत्र कर्नाटकाच्या कलबुर्गी जिल्ह्यात, अफझलपूर तालुक्यात मोडते, याचे भान मात्र यात्रेकरूस क्वचितच राहते. देवळात मराठी चालते, बाजारात कन्नड चालते, बसस्थानकावर दखनी उर्दू कानी पडते आणि भाषेवाचून कोणाचे फारसे अडत नाही. अडते ते निराळ्याच ठिकाणी, आणि त्या ठिकाणाविषयीच आज आम्हांस लिहावयाचे आहे.

बिदर जिल्ह्यातील भालकी येथे आमचे एक वृद्ध स्नेही राहतात. सारी हयात त्यांनी मराठी शाळेत शिकविण्यात घालविली. घरी ब्रॉडबँडची फायबर जोडणी आहे. गेल्या वर्षी पावसाळ्याच्या तोंडावर रस्त्याचे काम निघाले, यंत्राचा धक्का लागून खांबावरील तार तुटली आणि घरातील बॉक्सवर लाल दिवा लागला. गुरुजींनी कंपनीच्या तक्रार केंद्रास दूरध्वनी केला. यंत्राने भाषा विचारली. कन्नड, हिंदी व इंग्रजी असे तीन पर्याय होते. गुरुजींना कन्नड येते, बाजारहाट आणि शेजारधर्म करण्याइतके उत्तम येते. तथापि कोठली तार कोठल्या खांबापाशी तुटली, ती कोणाच्या अंगणात लोंबते आहे, तिच्याखालून शाळेची मुले कशी जातात, हे सारे नेमके सांगावयाचे तर माणसास स्वतःची भाषा लागते. त्यांनी हिंदी निवडली. पलीकडील मुलीने अत्यंत नम्रपणे त्यांस बॉक्स बंद करून पुन्हा चालू करावयास सांगितले. तार तुटली आहे, असे गुरुजी म्हणाले. तिने पुन्हा तेच सांगितले. बॉक्स तीन वेळा बंद करून तीन वेळा चालू केल्यावर त्यांना तक्रार क्रमांक मिळाला.

तिसऱ्या दिवशी इंग्रजीत संदेश आला की, आपल्या तक्रारीचे निवारण झाले आहे. लाल दिवा तसाच होता. दुसरी तक्रार, दुसरा क्रमांक. त्या वेळी लाइनमनचा फोन आला. “गुरुजी, तेवढा ओटीपी सांगा, वरून फार दबाव आहे, दुपारी येऊन तार जोडतोच.” विद्यार्थ्यावर विश्वास ठेवण्याची सवय जडलेल्या त्या माणसाने ओटीपी सांगितला आणि दुसरी तक्रारही त्याच क्षणी ‘निवारण’ पावली. लाइनमन आला नाही. याप्रमाणे अकरा दिवसांत चार क्रमांक झाले. मधल्या काळात गुरुजींच्या नातीची अभियांत्रिकी प्रवेशाकरिता महाविद्यालयांचे पर्याय भरण्याची मुदत सुरू झाली होती. कर्नाटक परीक्षा प्राधिकरणाची ही सारी प्रक्रिया ऑनलाइन चालते, आणि पर्यायांचा क्रम चुकला तर हाती आलेली जागा निसटू शकते. मोबाईलच्या अधूनमधून येणाऱ्या संपर्कावर हा जुगार खेळण्यास घरच्यांचे मन धजावेना. शेवटी ती मुलगी एस.टी.ने उदगीरला मामाकडे गेली आणि तेथे बसून तिने पर्याय भरले. १९५६ पूर्वी उदगीर आणि भालकी एकाच बिदर जिल्ह्यात होते. त्या वर्षी १ नोव्हेंबरला राज्यपुनर्रचना झाली, उदगीर, निलंगा व अहमदपूर तत्कालीन मुंबई राज्यात आले आणि भालकी, औराद, हुमनाबाद म्हैसूर राज्यात गेले. सीमेपलीकडील आजोळ अशा वेळी उपयोगी पडते, ही गोष्ट सीमाभागास नवी नव्हे.

ही कथा आम्ही कंपनीच्या नावानिशी सांगत नाही, कारण नाव बदलले तरी कथा बदलत नाही. वाचकांपैकी कितीतरी जणांस स्वतःचा अनुभव आठवला असेल. तार तुटणे हा गुन्हा नव्हे. पावसात, रस्त्यांच्या कामांत, उसाच्या उंच भरलेल्या ट्रॉल्यांनी तारा तुटणारच. आमचा आक्षेप आहे तो तार तुटलेली असताना तक्रार मिटल्याची नोंद होण्यावर. या नोंदीत केवळ आळस नाही, हिशेब आहे, आणि तो समजून घेतला पाहिजे. दूरसंचार नियामक प्राधिकरणाने २००६ साली ब्रॉडबँड सेवेच्या दर्जाविषयी विनियम केले. दहातील नऊ बिघाड दुसऱ्या कामकाजाच्या दिवसापर्यंत दुरुस्त झाले पाहिजेत, आणि तीन दिवसांहून अधिक काळ बिघाड राहिल्यास ग्राहकास सात दिवसांच्या, सात दिवसांहून अधिक राहिल्यास पंधरा दिवसांच्या, आणि पंधरा दिवस उलटल्यास महिन्याच्या आकाराची सूट मिळावी, असे त्यांत ठरले होते. २०२४ साली त्या विनियमांची जागा नव्या, एकत्रित विनियमांनी घेतली. तथापि कोणतेही विनियम असोत, त्यांचे घड्याळ तक्रार नोंदविल्यापासून चालू होते आणि तक्रार बंद झाली की थांबते. अकरा दिवसांचा एक बिघाड चार तक्रारींत वाटून टाकला की कागदावर तो अडीच-तीन दिवसांचे चार बिघाड होतो. सूट देण्याचे कारण उरत नाही, नियामकाकडे जाणारा अहवालही सुरेख दिसतो. गुरुजींचे अकरा दिवस कोणत्याच वहीत नाहीत.

त्यांच्या हाती एक शस्त्र होते, परंतु ते आहे हेच त्यांस ठाऊक नव्हते. २०१२ च्या तक्रार निवारण विनियमांनुसार प्रत्येक कंपनीस दोन पायऱ्या ठेवाव्या लागतात. पहिली तक्रार केंद्राची. तेथे समाधान न झाल्यास दुसरी, अपील प्राधिकाऱ्याची. अपिलास शुल्क नाही, वकील नाही. ते तीस दिवसांत करावे लागते आणि एकोणचाळीस दिवसांत त्याचा निर्णय व्हावा लागतो. अपिलावर सल्ला देणाऱ्या दोघांच्या समितीत एक सदस्य ग्राहक संघटनेचा असतो. ही व्यवस्था वाईट नाही, किंबहुना कागदावर ती पुष्कळच चांगली आहे. अपील प्राधिकारी हा कंपनीचाच नेमलेला असतो, हे तिचे वैगुण्य आम्ही जाणतो, तरीही तक्रार केंद्रातील मुलीपेक्षा त्याच्या सहीला वजन असते. पण बॉक्स बंद करून चालू करावयास सांगणारा कोणीही, आपले समाधान झाले नसल्यास आपण अपील करू शकता, असे स्वतःहून सांगत नाही. ग्राहकांच्या हक्कांची सनद कंपनीने इंग्रजी, हिंदी आणि त्या सेवाक्षेत्राच्या भाषेत प्रसिद्ध करावयाची असते. भालकीच्या सेवाक्षेत्राची भाषा कन्नड. गुरुजी कन्नड बोलतात, परंतु कायद्याचे कन्नड वाचून समजून घेणे त्यांस जमत नाही. इंग्रजी सनद बारीक अक्षरांत आहे.

येथे एक जुनी गोष्ट स्मरते. दूरध्वनी हे केंद्र सरकारचे खाते होते, तेव्हा त्या खात्याच्या नावाने खडे फोडण्यात आमच्या पिढीची अर्धी हयात गेली. जोडणीसाठी वर्षानुवर्षे तिष्ठावे, ट्रंक कॉलसाठी रात्र जागवावी, १९८ वर बिघाड नोंदवावा आणि लाइनमनची वाट पाहावी, हे सारे आम्ही भोगले आहे. त्या काळाचे गोडवे गाण्याचा आमचा मुळीच विचार नाही. पण त्या दिरंगाईच्या राज्यात नागरिकाजवळ एक हक्क होता, जो आज त्याच्या हातून नकळत निसटला आहे. राज्यघटनेचा ३५० वा अनुच्छेद असे सांगतो की, आपल्या गाऱ्हाण्याचे निवारण व्हावे म्हणून कोणाही व्यक्तीस संघाच्या वा राज्याच्या कोणत्याही अधिकाऱ्याकडे, संघात वा त्या राज्यात वापरात असलेल्या कोणत्याही भाषेत निवेदन सादर करता येईल. अधिकारी काम करो वा न करो, भालकीचा मराठी माणूस दूरध्वनी खात्याच्या अधिकाऱ्यास मराठीत अर्ज लिहू शकत होता आणि भाषेच्या कारणासाठी तो अर्ज परत करण्याचा अधिकार त्या अधिकाऱ्यास नव्हता. १ ऑक्टोबर २००० रोजी खात्याचे निगम झाले. त्याच्या आगेमागे खाजगी कंपन्या आल्या. जोडणी आठवड्यात मिळू लागली, दर उतरले, वेग वाढला, आणि हे सर्व स्वागतार्हच होते. मात्र गाऱ्हाणे ऐकणारा आता ‘संघाचा अधिकारी’ राहिला नाही. तो कंपनीचा नोकर झाला, बहुधा कंपनीने कंत्राट दिलेल्या दुसऱ्या कंपनीचा. तक्रारीचा स्वीकार करावयाचा तर कोणत्या भाषेत, हे आता घटना ठरवीत नाही, यंत्रातील पर्यायांची यादी ठरविते.

आणि ती यादी दूरसंचाराच्या परिमंडळांवरून ठरते. गोमंतकीय वाचकाने येथे क्षणभर थांबावे. गोव्याचे वेगळे परिमंडळ नाही, गोवा महाराष्ट्र परिमंडळात मोडतो. आमच्या राज्याची राजभाषा १९८७ च्या कायद्याने कोंकणी आहे, मराठीचाही शासकीय कामासाठी उपयोग होतो, पण तारांच्या नकाशावर आम्ही महाराष्ट्रात आहोत. त्या नकाशामुळे आमची मराठी सोय आपोआप झाली. काणकोणच्या पलीकडील कारवारचा, जोयड्याचा मराठी माणूस मात्र कर्नाटक परिमंडळात पडला आणि त्याची सोय झाली नाही. सोलापूर जिल्ह्यातील अक्कलकोट आणि सांगली जिल्ह्यातील जत या तालुक्यांत कन्नड भाषिकांची मोठी वस्ती आहे. ती महाराष्ट्र परिमंडळात आहे. भालकीच्या गुरुजींस मराठीची जी अडचण पडते तीच अक्कलकोटच्या कन्नड शेतकऱ्यास कन्नडची पडत असणार. तेव्हा हा प्रश्न सीमावादाच्या खात्यावर मांडण्याची घाई कोणी करू नये. महाराष्ट्राचा दावा २००४ पासून सर्वोच्च न्यायालयात आहे, त्याचा निर्णय व्हावयाचा तेव्हा होईल. लाल दिवा तोवर थांबू शकत नाही.

आणखी एक गोष्ट आम्हांस सांगितल्यावाचून राहवत नाही. भालकीपासून फार दूर नसलेले बसवकल्याण हे चालुक्यांच्या राजधानीचे कल्याण होय. सहावा विक्रमादित्य तेथे १०७६ ते ११२६ पर्यंत राज्य करीत होता, आणि त्याच्याच आश्रयाने विज्ञानेश्वराने याज्ञवल्क्य स्मृतीवर ‘मिताक्षरा’ ही टीका लिहिली. मिताक्षरेचे नाव आपल्याकडे बहुतेकांस वारसाहक्काच्या संदर्भात ठाऊक असते. त्या ग्रंथातील व्यवहारप्रकरण, म्हणजे दावा कसा चालवावा याचे प्रकरण, सहसा कोणी उघडीत नाही. याज्ञवल्क्याचा दंडक असा की, वादीने जे आणि जसे सांगितले तेच, प्रतिवादीच्या समक्ष, वर्ष, महिना, पक्ष, दिवस व नावानिशी लिहून घ्यावे. दाव्याचे चार पाद सांगितले आहेत. पहिला पाद म्हणजे वादीची लेखी तक्रार. तिला त्या शास्त्रात नाव आहे ‘भाषा’. दुसरा पाद ‘उत्तर’. भाषा नोंदविल्यावाचून उत्तराचा प्रश्नच येत नाही. नऊशे वर्षांपूर्वी कल्याणात बसून ज्या पंडिताने यावर टीका लिहिली, त्याच्या गावापासून थोड्या अंतरावर आज तक्रार लिहून घेतली जाते ती अशी: ‘वेग कमी’, ‘जोडणी नाही’, ‘देयकाविषयी’. या ठरीव शब्दांतील एक निवडला की झाले. तार अंगणात लोंबते आहे, हे गुरुजींचे वाक्य कोठेही उतरले नाही. ते उतरले असते, तर बॉक्स बंद करून चालू करण्याची आज्ञा कोणी केली नसती आणि तक्रार बंद करताना त्या वाक्याचे काय झाले हे कोणाला तरी सांगावे लागले असते.

कंपन्यांचे उत्तर आम्ही कल्पू शकतो. दोन-चार तालुक्यांसाठी मराठी जाणणारी माणसे कोठून आणावी? परंतु याच कंपन्या महाराष्ट्र परिमंडळात मराठी तक्रार केंद्रे चालवितात. बिदरचा फोन तिकडे वळविण्यास नवीन तार ओढावी लागत नाही. केंद्र सरकारच्या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर, १९१५ या क्रमांकावर, मराठी व कन्नड धरून सतरा भाषांत गाऱ्हाणे सांगता येते, मग फोन बिदरहून केला असो वा अक्कलकोटहून. सरकारी यंत्रणेस जे साधते ते दूरसंचार हाच ज्यांचा धंदा आहे त्यांस साधत नाही, असे म्हणणे हास्यास्पद आहे. १९५६ च्या केंद्रीय ज्ञापनापासून भाषिक अल्पसंख्याकांच्या संरक्षणाचे एक तत्त्व आपण मानीत आलो की, एखाद्या जिल्ह्यात वा तालुक्यात अल्पसंख्य भाषिकांचे प्रमाण पंधरा टक्क्यांच्या वर गेल्यास महत्त्वाच्या सरकारी सूचना त्यांच्या भाषेतही निघाव्यात. तेच माप नियामक प्राधिकरणाने परवानाधारक कंपन्यांस लावावे, अशी आमची मागणी आहे. परिमंडळाऐवजी तालुका हे एकक धरावे. त्याने बिदरच्या मराठी व उर्दू भाषिकास, अक्कलकोटच्या कन्नडिगास आणि राज्यांच्या सीमांवर विखुरलेल्या इतर सर्वांस सारखाच लाभ होईल.

दुसरी मागणी याहून साधी आहे आणि तिला भाषेचा अडसर नाही. ग्राहकाच्या संमतीवाचून तक्रार बंद होऊ नये, आणि बंद झालेली तक्रार त्याच कारणासाठी सात दिवसांत पुन्हा आली तर जुना क्रमांक आणि जुनी तारीखच कायम राहावी. ओटीपी ही संमतीची खूण म्हणून आणली गेली, परंतु काम होण्याआधी ती मागून घेण्याचा जो प्रघात पडला आहे त्याने तिचा अर्थच नाहीसा झाला. लाइनमनला आम्ही दोष देत नाही. तो बहुधा स्थानिक केबलवाल्याचा रोजंदार असतो, किती तक्रारी किती तासांत ‘मिटविल्या’ यावर त्याची रोजी अवलंबून असते. दोष त्या मोजमापाचा आहे.

ज्यांस एवढ्याने न्याय मिळत नाही त्यांच्यासाठी एक दार मध्यंतरी बंद होते, ते आता उघडले आहे, हे सीमाभागातील आपल्या आप्तेष्टांस वाचकांनी अवश्य कळवावे. १८८५ च्या तार अधिनियमातील एका कलमाने दूरध्वनीविषयक तंटे लवादाकडे नेण्याची तरतूद केली होती. तिच्या आधारे २००९ साली सर्वोच्च न्यायालयाने असे ठरविले की, अशा तक्रारी ग्राहक मंचाकडे नेता येणार नाहीत. तेरा वर्षे ग्राहकाच्या हाती काही राहिले नाही. १६ फेब्रुवारी २०२२ रोजी त्याच न्यायालयाने, लवादाच्या तरतुदीमुळे ग्राहक मंचाचा अधिकार जात नाही, असा निर्वाळा दिला. २०२३ च्या दूरसंचार अधिनियमाने ऑनलाइन तंटानिवारणाची तरतूद केली, आणि ग्राहक संरक्षण कायद्याखालील हक्कास तीमुळे बाध येत नाही, हेही स्पष्ट केले. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यान्वये तक्रारदार जेथे राहतो त्याच जिल्ह्याच्या आयोगाकडे तक्रार करता येते, कंपनीचे मुख्यालय मुंबईस असो वा दिल्लीस. पाच लाख रुपयांपर्यंतच्या मोबदल्याच्या तक्रारीस शुल्क नाही, आणि वकील देण्याची सक्ती नाही. भालकीच्या माणसास बिदरच्या पुढे जाण्याचे कारण नाही. एवढ्यासाठी आयोगाची पायरी कोण चढणार, असे विचारले जाईल. महिन्याच्या काही शे रुपयांच्या सेवेसाठी बहुतेक जण चढणार नाहीत, आणि कंपन्यांचा भरवसा यावरच आहे. म्हणून तर खालच्या दोन पायऱ्या नीट असल्या पाहिजेत.

गुरुजींनी आम्हांस सर्व हकीकत पत्राने कळविली तेव्हा अपिलाच्या तीस दिवसांपैकी एकवीस उलटून गेले होते. आम्ही त्यांस लगोलग कळविले की चारही क्रमांक तारीखवार लिहावे, तार कोठे तुटली, ओटीपी कोणत्या दिवशी मागितला गेला आणि तो दिल्यावर काय झाले, सारे आपल्या शब्दांत लिहावे आणि अपील करावे. त्यांनी दोन पानांचे अपील शुद्ध मराठीत, सुवाच्य अक्षरात लिहिले, त्याचे छायाचित्र काढून ईमेलने पाठविले आणि मूळ प्रत टपालाने रवाना केली. इंग्रजी भाषांतर जोडा, असा आमचा आग्रह होता. तो त्यांनी मानला नाही. आठव्या दिवशी उत्तर आले. त्यात एक नवा क्रमांक होता, आणि आपले अपील समजले नाही, तरी ते कन्नड, हिंदी वा इंग्रजीत पुन्हा सादर करावे, अशी विनंती होती.